आत्याची पेटी आणि गाळलेला निषाद

गोरेगाव, मुंबई
५ मार्च २००३

तीर्थरूप विनोदिनीआत्यास,

रुचिरचा साष्टांग नमस्कार. (या खोलीत साष्टांग घातला की पाय दाराबाहेर जातात, तरी मनापासून घातला आहे.) तुझे गुडघे, आतोबांचा खोकला आणि पेटीचा भाता, तिघांची प्रकृती ठीक असावी.

आत्या, आधी बसून घे. मला सिनेमा मिळाला! अख्खं संगीत माझं. शीर्षकाची धून ऐकून दिग्दर्शकसाहेब डोळे मिटून म्हणाले, "कोमल निषाद गाळून केवढी हुरहुर आणलीत! किती विचार केला असेल!" मी गंभीरपणे मान हलवली. काय सांगणार? सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तू आधी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवलीस आणि मग पेटी, तेवढ्यात भिजून निषादाची ती एक पट्टी मुकी झाली, हे? दुरुस्त करू म्हटलं तर तू म्हणायचीस, "आहेत तेवढ्या सुरांत वाजव. नसलेल्याचं रडगाणं माझ्या घरात नको." माझं बोट लहानपणापासून त्या पट्टीवरून उडी मारूनच पुढे जातं.

आणि कुडपणचं लग्न? मी नवा कीबोर्ड घेऊन ऐटीत निघालो, तर तू जीपमध्ये पेटीही कोंबलीस. बिरवाडीच्या ऑर्केस्ट्रातल्या कलाकाराच्या मांडीवर पेटी! (पोलादपूर येईपर्यंत मी तिच्यावर शाल टाकून बसलो होतो.) नवरानवरीच्या गळ्यात माळा पडायच्या आत वीज गेली आणि कीबोर्ड गप्प. नवरदेवाचे चुलते भिकूबुवा म्हणाले, "तुझा बाजा लय शिकलेला हाय रे, पन लाईटबिगर बोलत नाय." तू पेटी पुढे सरकवलीस. घाबरून त्या दिवशी जी धून सुचली, तीच ही. आत्या, माझ्या बोटांत जे काही आहे ते तू घातलंस. तेव्हा म्हणायला हवं होतं, आज म्हणतो.

आता अडचण. साहेबांना शीर्षकाला खरी पेटी हवी आहे. मी वाजवायला बसलो, पण इतकी वर्षं कीबोर्डवर काढली की डावा हातही सुरांवरच जातो, भाता कोण मारणार? बोलावलेले वादक एवढे तयार, की रिकामी जागा दिसली की सवयीने निषाद भरतात. पंधरा तारखेला जमलं नाही, तर ही धून दुसऱ्या कोणाकडून करून घेणार आहेत. रात्रीची झोप उडाली आहे.

बाकी सगळं ठीक. आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा,
रुचिर

ता. क. पेटी पाठवशील का? एसटीत टपावर मात्र नको.

ता. क. २. नुसती पेटी नको. तूच ये आणि तूच वाजव. स्वयंपाकघराबाहेर कधी वाजवलं नाही, हे कारण चालणार नाही. पडद्यावर तुझं नाव माझ्या आधी घालायचं ठरवून टाकलं आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तोच आतोबांचा फोन. बाबांकडून सिनेमाची बातमी कळली म्हणून तू आनंदाने पेटी दुरुस्त करून घेतलीस म्हणे! इतक्या वर्षांनी, नेमकी आत्ता! निषाद खणखणीत बोलतो म्हणाले. संपलं, म्हटलं, आता तूही निषाद भरणार! तुला बोलवा म्हटलं तर म्हणाले, "ती वाजवायला बसली आहे, आता उठायची नाही. ऐक हवं तर." ऐकलं. माझीच धून होती. आत्या, पट्टी दुरुस्त झाली, तरी तुझं बोट तिच्यावरून उडी मारूनच गेलं. तशीच ये.