वैष्णवीने काम सोडलेले नाही

२९ ऑक्टोबर
मुख्याध्यापकांनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला मजकूर वाचला : "कु. वैष्णवी हिने कंटाळून आरोग्य केंद्रातील सेवा सोडली." हे असत्य आहे. ती कंटाळली नाही. वडिलांनी तिला घरी बसवले. नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत सेवाकार्ये शोधून देण्याचे काम निवृत्तीनंतर मी पत्करले आहे, आणि वैष्णवीला केंद्रात मीच पोहोचवले होते. म्हणून हे नोंदवणे भाग आहे.
काम साधे. औषधे घेऊन बाहेर येणाऱ्या वृद्धांना कोणती गोळी केव्हा घ्यायची, ते पाकिटावरचे वाचून पुन्हा सांगणे.
दुपारी तिचा फोन. "गुरुजी, कंटाळले म्हनून नका लिहू देऊ. पुन्हा मला कुठंच पाठवनार न्हाईत." भीती रास्त. काम 'सोडणाऱ्यांना' उन्हाळ्याच्या सुट्टीत सेवेची जागा द्यायची नाही, असे मु. अ. यांनी बजावले आहे. तिला तर पुढे परिचारिकाच व्हायचे आहे.

३० ऑक्टोबर
पालमच्या एसटीने तिच्या गावी. तिचे वडील दत्तराव कापसाच्या ढिगाशी बसलेले.
"गुरुजी, लोक इचारायलेत, पोरीला पगार किती हाय. काय सांगू? दवाखान्यात आयाचं काम करायलीय म्हनतेत. अन् हितं वेचनीला मानूस मिळना."
सेवा आणि चाकरी यांतील भेद मी समजावून सांगितला. बहुधा आवश्यकतेपेक्षा अधिक वेळ. त्यांची पत्नी आतून म्हणाली, "गुरुजी, शाळेला सुट्टी हाय म्हनं. च्या घ्या, थंड व्हायलाय."
चहा घेतला.
ठरले ते असे : दत्तरावांनी एक दिवस केंद्रात येऊन स्वतः पाहावे. त्या दिवशी वैष्णवीने वेचणीला जावे. अट त्यांची.

१ नोव्हेंबर
सकाळपासून केंद्राच्या बाकावर आम्ही दोघे, दत्तराव आणि मी. परिचारिकेने दत्तरावांना हटकले, "काका, केसपेपर काढला का? काय होयलंय?"
"मला काय न्हाई. मी पोरीचा बाप हाय."
"मग पोरगी कुठंय? तिला आणा आधी."
थोड्या वेळाने एक म्हातारी पाकिटे घेऊन आली. "ती सांगनारी पोरगी कुठं गेली?"
"वेचनीला," दत्तराव म्हणाले.
"मग मला कोन सांगनार? तू सांग."
त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत राहिलो. मग त्यांनी वाचले, मोठ्याने, दोनदा. तिसऱ्यांदा म्हातारीकडून वदवून घेतले.
"डाक्टरचा शिपाई हायस का रे?"
"न्हाई मावशी. कास्तकार हाय."
परतताना एसटीत ते म्हणाले, "ती मावशी रातची गोळी बरुबर घेईल का, गुरुजी?"
मी म्हणालो, ते विचारायला तिथे कोणीतरी असावे लागते.
त्यांचे गाव आले. "बगू," म्हणाले, आणि उतरले.

२ नोव्हेंबर
दत्तरावांचा निरोप नाही. मु. अ. यांनी भरलेल्या सेवा-नोंदवहीतील तारखा दुरुस्त करून ठेवतो.
सेवेस आरंभ : २४ ऑक्टोबर. (मु. अ. : २७.)
सेवा थांबली : २८ ऑक्टोबर, वडिलांच्या सांगण्यावरून. (मु. अ. : २६. म्हणजे त्यांच्या मते ती रुजू होण्यापूर्वीच कंटाळली.)
पालकांची केंद्रास भेट : १ नोव्हेंबर. (मु. अ. : नोंद नाही.)
पुन्हा रुजू : मु. अ. यांनी येथे 'लागू नाही' असे लिहिले आहे. ते खोडले. तारीख दत्तरावांकडून यायची आहे.