खाजोटी चावली नाही

ता. देवरी,
१२ जानेवारी

प्रिय टीना,

दिवाळीला दोन दिवस राहायला म्हणून आलीस आणि त्याच संध्याकाळी परत गेलीस. तुझा राग बरोबर होता. तू गुड्डूला माझ्या मांडीवर द्यायला आलीस आणि मी 'गाय सुटली वाटते' म्हणून उठून गोठ्यात गेलो. गाय सुटली नव्हती. फोनवर हे सांगायचं चारदा ठरवलं, पण तुझा आवाज आला की मी धानाचंच बोलत बसतो. म्हणून लिहितो आहे.

ऑक्टोबरात गोंदियाच्या कॉलेजातल्या सोनिका मॅडम आल्या होत्या. खाजोटीच्या कुळातली, सावलीत वाढणारी झाडं त्या शोधतात. मी जंगलात मजुरी केलेला माणूस, इकडचे नाले मला पाठ, म्हणून वनरक्षकानं माझं नाव सांगितलं. मला वाटलं, खाजोटी म्हणजे खाजोटी, हात लागला की चावते, आग आग होते, तिच्यात काय ओळखायचं? पण टीना, त्या कुळातली कितीतरी झाडं चावतच नाहीत. दुपारीही ऊन पोचत नाही अशा ओल्या कपारीत मऊ, पाणीदार देठाची उभी असतात, आणि मी जन्मभर त्यांच्यावर पाय देऊन गेलो. मॅडमनी हातात भिंग दिलं. पानं समोरासमोर की एकाआड एक, पानाची एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली आहे का, टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी फुलं खोडाला चिकटलेली की दांडीवर, हे सगळं बघायचं. पाच दिवसांत मला सहा प्रकार वेगळे काढता यायला लागले. मॅडम मला विचारून वहीत लिहायच्या. साठीला टेकलेल्या माणसाला कोणी असं विचारत नाही, मला फार बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी नाल्याच्या वळणावर एक झाड सापडलं. दातेरी पानं एकाआड एक, फुलांचे लांब तुरे, अंगावर बारीक केस. चावतं की नाही हे कळलं की त्याचा गट ठरणार होता. मॅडमच्या हातात कॅमेरा होता. मी डावा हात देठावर उलटासुलटा घासला आणि म्हणालो, "नाही चावत जी हे." त्यांनी तसं लिहिलं. मग कागदात दाबायला झाड उचललं आणि लगेच टाकून दिलं. त्यांचं मनगट लालभडक झालं होतं. मी हसलो, म्हटलं शहरातली कातडी. त्या हसल्या नाहीत. माझा हात उलटा करून पाहिला. करंगळीपासून मनगटापर्यंत गांधी उठल्या होत्या, आणि मला त्यांचा पत्ता नव्हता.

"काकाजी, खरंच काही होऊन नाही राहिलं तुम्हाला?"

कोपराखाली माझा तो फिका चट्टा आहे ना, तिथं पेनाचं टोक लावून त्या म्हणाल्या, डोळे मिटा आणि कुठं लागलं ते सांगा. मला सांगता आलं नाही. त्यांनी वहीतली ओळ खोडली आणि माझ्या शेजारी दगडावर बसल्या. उद्याच दवाखान्यात चला म्हणाल्या, मी येते सोबत. मी म्हटलं, धान कापून झालं की जातो.

गेलो नाही. चट्टा दोन वर्षांचा होता. चुलीवरचा भाताचा गंज उचलताना बोट भाजायचं, ते तुझी आई दाखवायची तेव्हा मला कळायचं. काय असेल ते मनात आलं होतं. लहानपणी रुख्माआत्याला अंगणात वेगळ्या ताटात जेवताना मी पाहिलंय. म्हणून दिवाळीत गुड्डूला हात लावला नाही. तू गेल्यावर आई खूप बोलली. "पोरीसंग असं काऊन वागलात? काही सांगाल की नाही?" तेव्हा तिला बाही वर करून दाखवलं. तिनं चट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मॅडमले फोन लावा."

मॅडम गोंदियाहून आल्या आणि माझा नंबर लागेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. आता दोन महिने औषध चालू आहे, वर्षभर घ्यायचं आहे. लघवी लाल होते, कातडी थोडी काळवंडली, बाकी त्रास नाही. हाताची जाणीव परत येईल की नाही, हे डॉक्टरीणबाई आत्ताच सांगू शकत नाहीत. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, सगळ्यांसोबत जेवा, असं त्यांनी आईसमोर दोनदा सांगितलं. आईला तपासलं, तिला काही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाळंतपणाला तू पाच महिने इथं होतीस. तेव्हा चट्टा होता आणि औषध नव्हतं, आणि गुड्डूला मी दिवसदिवस छातीवर घेऊन फिरायचो. झालंच असेल असं नाही, पण घरातल्या प्रत्येकाला बघायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू आणि गुड्डू या आठवड्यात तिथल्या सरकारी दवाखान्यात जा. सासू-सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. खुमेंद्ररावांना मात्र सांग. तुला जमत नसेल तर मी येऊन सांगतो, माझं मला सांगू दे. दवाखान्यात विचारतील, कशासाठी आलात. खाली बघू नकोस. म्हण, माझ्या बाबांना कुष्ठरोग आहे. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला.

तुझाच,
बाबा