सगळ्या गावाचं वय अडवणारी ओळ

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
१८ जानेवारी २०२६

साडूबुवा विकासराव यांना शेषरावाचा मानाचा जयभीम.

आमी सगळे खुशाल. तुमची पाठ कशी आहे? निलमला बहिणीनं पाठवलेला हळदीचा डबा पोचला का, असं ज्योती विचारून राहिली. फोन सोडून पत्र काहून, म्हणाल. फोनवर तुमी मधीच बोलता, आणि ही गोष्ट मला सलग सांगायची आहे.

मागं तुमी संभाजीनगरहून आलात, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर दोन तक्ते जोडायची ती डेटा मॉडेलची करामत दाखवली आणि चहा पिता पिता म्हणालात, "शेषराव, हे तुमच्याच्यानं न्हाई व्हायचं." (मी हसलो होतो. पण ते ध्यानात ठेवलं.) तर ऐका. गावात डोळ्यांचं शिबिर झालं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूवाल्यांची यादी वयाच्या क्रमानं द्या, पहिल्या दहांचं ऑपरेशन फुकट. शनिवारी चारपर्यंत यादी न्हाई आली तर जागा दुसऱ्या गावाला. आपल्या सासूबाई, पद्माबाई, दोन्ही डोळ्यांनी चाचपडून राहिल्यात, हे तुमाला ठाऊकच आहे. मी एका तक्त्यात नावं-जन्मतारखा, दुसऱ्यात डोळ्यांची तपासणी भरली, घर नंबरावर जोडली आणि वयाचा कॉलम केला: आजच्या सालातून जन्मसाल वजा. एंटर दाबलं, तर एकशे त्रेचाळीस ओळींत वरपासून खालपर्यंत एरर. एकाचंही वय निघंना.

मग मी काय न्हाई केलं? कंस मोजले. सूत्र पुसून चार वेळा लिहिलं. तक्त्यांची जोडणी तोडून पुन्हा जोडली. मशीन बंद करून चालू केलं. (सेनगावच्या क्लासवाल्यालाही विचारलं, तो म्हणाला नवीन मशीन घ्या.) शनिवारी तीन वाजता कुठं खरी गोम सापडली. या कॉलमची तऱ्हाच अशी की एका ओळीत तारखेच्या जागी भलतं काही बसलं, की तो सगळ्या गावाचं वय अडवून धरतो. आपल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म कागदावर एक जानेवारीचा, गावाची नोंद करणाऱ्या मास्तरनं ठोकून दिलेला. त्या तारखा बिनतक्रार बसल्या. एका ओळीत मात्र होतं: 'रझाकाराच्या वक्ताला, ज्वारी हुरड्यावर असताना.' तिथं हुरड्याच्या हिशोबानं अंदाजे १५ जानेवारी १९४८ टाकलं, एंटर दाबलं, आणि एकशे त्रेचाळीस वयं धडाधड उभी राहिली. पावणेचारला यादी डॉक्टरांच्या हातात होती. विकासराव, हे माझ्याच्यानं झालं. निलमला मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमचा,
शेषराव

ता. क. : यादीत पहिल्या नंबरावर सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. ऑपरेशन बुधवारी, तुमच्याच शहरात. पंधरा दिवस मुक्काम तुमच्याकडं. मंगळवारी हिंगोलीहून सकाळच्या एसटीत बसवतो. हे पत्र त्यांच्याच पिशवीत आहे, म्हणजे तुमी वाचताय तेव्हा त्या घरात आल्यात. तिखट कमी घाला.

ता. क. दुसरा : त्या सांगितल्याशिवाय राहणार न्हाईत, म्हणून आधीच सांगतो. ती ओळ त्यांचीच. मी एक जानेवारी लिहू लागलो तर म्हणाल्या, "ती तारीख मास्तरची. माझी, मायनं सांगितलेली, लिव." जावयानं काय भांडावं? लिहिलं. आणि शनिवारी मी डोकं धरून बसलो असता त्याच स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या, "सगळे उजव्या भिंतीला टेकलेत, हे एकटंच डाव्या भिंतीला काहून बसलं?" (तारीख खणाच्या उजव्या कडेला चिकटते, नुसतं वाक्य डाव्या.) अक्षर येत न्हाई, दिसत न्हाई, पण सापडलं त्यांनाच.

त्यांचं वाक्य मी पुसलेलं न्हाई. शेजारी 'खरा जन्म' नावाचा कॉलम केलाय, त्याला कुठलंच सूत्र लागत न्हाई. फाईल तुमाला पाठवली आहे. पट्टी सुटली की आधी ती ओळ त्यांना दाखवा, आणि बोट ठेवून वाचून दाखवा.