ताई, निखिलला काय सांगू?

प्रिय ताई,

काल दुपारी निखिलचा फोन आला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच! आधी इकडचं तिकडचं बोलला. टोरांटोत थंडी फार आहे, मावशी तुझे गुडघे कसे आहेत, वगैरे. मग एकदम म्हणाला, "मावशी, आईला शेवटी फार दुखलं का गं?"

काय सांगणार होते मी? "दारात कुणीतरी आलंय रे, उद्या करते फोन," म्हणून ठेवून दिला. दारात कुणीही नव्हतं. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हटलं लिहूनच काढावं. तुझ्या लेकाला उत्तर द्यायचंय आणि त्यातलं अर्धं तुझ्याच पदरात पडतंय, ताई. रागावू नकोस.

अंडाशयाचा कॅन्सर परत उलटला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी केमोने त्रास होईल, उपयोग फारसा नाही. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मग राहू द्या." इतकं सोपं! भाऊजी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. रिक्षावाला ताटकळला होता, तरी उठेनात.

मग हेतलबेन घरी यायला लागल्या. "आजार बरा करणारी डॉक्टर नाही मी, त्रास कमी करणारी आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "बेन, दुखावो दसमांथी केटलो?" त्यांनी विचारलं. जन्मभर डभोईत आणि बडोद्यात गुजराती शिकवलेली तू, मराठी घरातली मास्तरीण! म्हणालीस, "दहापैकी मार्क द्यायची मला सवय आहे. नऊ लिही." त्या हसल्या. मी हसले. भाऊजींना नऊ ऐकून धक्का बसला होता. त्यांना तू कायम "ठीक आहे हो" एवढंच सांगायचीस ना!

हेतलबेननी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि तिथेच घोडं अडलं. भाऊजींनी त्या कपाटात ठेवून दिल्या. "ही नशेची औषधं. एकदा सुरू केली की संपलंच सगळं," म्हणायचे. आणि तू उशीचा कोपरा दातांत धरून पडायचीस. किती भांडले मी त्यांच्याशी! तू माझाच हात दाबून मला गप्प करायचीस. का गं? नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून इतकं सोसायचं असतं का?

शेवटी हेतलबेनच त्यांच्यासमोर बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला गोळीची भीती वाटते की ती दिली म्हणजे सुलभाबेन जाणार हे मान्य केल्यासारखं होईल, याची?" भाऊजी उठले, कपाट उघडलं आणि स्वतःच्या हाताने तुला पहिली गोळी दिली. पोट साफ होण्याचं औषध तिच्यासोबत घ्यायचंच, हेही त्यांनी नीट विचारून घेतलं. त्यानंतर तुझी एक वेळ चुकवली नाही त्यांनी. हे निखिलला माहीतच नाही.

आणि मग तू आम्हाला परत मिळालीस! पोटात साठलेलं पाणी काढल्यावर तुला पाठ टेकून झोपता यायला लागलं. खिचडी मागून खाल्लीस. डभोईला जायचं म्हणालीस. भाड्याची गाडी केली, मागे उशा रचल्या आणि आपण तिघं निघालो. तुझ्या पहिल्या शाळेसमोर एका किराणा दुकानदाराने तुला ओळखलं. "सुलभाबेन!" म्हणत धावत येऊन पाया पडला. तू त्याला आशीर्वाद द्यायच्या आधी म्हणालीस, "पाटीवरची जोडणी खोटी छे, महेश." पन्नाशीचा तो माणूस कान पकडून उभा राहिला! पाटीवरचं शुद्धलेखन चुकलं म्हणून तू त्याला रस्त्यातच रागावलीस आणि गाडीत बसल्यावर मात्र डोळे पुसत होतीस.

पण रविवार, ताई. तुझे ते रविवार.

दर रविवारी निखिलचा व्हिडिओ कॉल. त्याआधी तू गोळी घ्यायचीस, पावडर लावायचीस, फुलांची साडी नेसायचीस. सुजलेले पाय खाली, कॅमेऱ्यात फक्त चेहरा. "मी मजेत आहे रे! वंदूमावशीच कुरकुर करते गुडघ्यांची." मी शेजारी बसून मान डोलवायची, ही तुझी सक्त ताकीद. घरीच राहायचंय, मशिनवर ठेवू नका, हे हेतलबेनना सांगितलंस, भाऊजींना सांगितलंस, मला तर तीन-तीनदा. निखिलला का नाही सांगितलंस? एकुलता एक मुलगा तुझा! त्याला कळू द्यायचं नव्हतं, की त्याला कळलेलं तुला बघवणार नव्हतं?

म्हणून अखेरीस तो टोरांटोहून आला तेव्हा रविवारची हसरी आई शोधत आला. आणि समोर पलंगावर तू. ओळखायला त्याला क्षणभर लागला. मी पाहिलं ते.

त्याच दुपारी तुला धाप लागली. मी हेतलबेनना फोन केला. त्या म्हणाल्या, "उशांना टेकवून बसवा, चेहऱ्याजवळ पंखा लावा, मॉर्फिनचा ठरलेला जादा डोस द्या. मी निघालेच." मी पंखा लावला, पण निखिलने तोवर अँब्युलन्स बोलावली होती. मी आडवी उभी राहिले. "अरे, तिला नकोय हे, तिने सांगितलंय."

"मला नाही सांगितलं तिने! मावशी, तू तिला मरू देणार आहेस का?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते मुलाकडे पाहत होते. आणि तू माझ्याकडे पाहत होतीस, ताई. ती नजर अजून माझ्या अंगावर आहे. काय म्हणत होतीस? थांबव? की जाऊ दे, पोराला दुखवू नकोस?

अतिदक्षता विभागात आम्हाला थोडा वेळच आत सोडायचे. तोंडात नळी, हात बांधलेले. दोन दिवसांनी तू तिथेच गेलीस. आमच्यापैकी कुणीही जवळ नव्हतं.

इथे मी पेन ठेवलं आणि निखिलला फोन केला.

सगळं सांगितलं. नऊ मार्कांपासून. दुखत होतं, हो. मग कितीतरी आठवडे फारसं दुखलं नाही आणि ते बाबांमुळे, हेही सांगितलं. शेवटच्या दोन दिवसांचं मला माहीत नाही, हेच खरं उत्तर दिलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मी चूक केली का?"

ताई, मला "नाही" म्हणता आलं नाही. तू असतीस तर पटकन म्हणाली असतीस. मी म्हणाले, "तू घाबरला होतास. तुला घाबरायला आम्ही कुणी वेळच दिला नव्हता." तो रडला. लहानपणी सायकलवरून पडला की रडायचा तसा, आवाज दाबून. मीही रडले. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

जानेवारीत येतोय तो. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "येऊ दे. पण मी काय बोलू त्याच्याशी?" तू गेल्यापासून बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत, हे तुला कळलं असतं तर!

म्हणून तुला शब्द देते. तो येईल तेव्हा दोघांना एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून बसवीन आणि मी समोर बसेन. "तेव्हा तू असं केलंस" असं कुणी सुरू केलं, तर तिथेच थांबवीन. "ठीक आहे" असं मात्र त्या घरात आता कुणालाही म्हणू देणार नाही. ना भाऊजींना, ना निखिलला, ना मला स्वतःला.

तुझीच,
वंदू
कारेलीबाग, बडोदे