धावणाऱ्या बाईच्या हातात लिंबू

सीब (ओमान), गुरुवार, १८ डिसेंबर २०१४

गोळी घेतली, तरी डोकं तापलेलंच आहे. लिंबू! त्या बाईच्या हातात लिंबू!

आज नातीच्या, सनाच्या, शाळेत खेळांचा दिवस. पाहुण्या म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्लोवाक आजीबाई. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या देशात बायकांना लांब पळू देत नसत. ‘बेशुद्ध पडाल’ म्हणत. ही पुरुषांच्या शर्यतीत मागून पळाली, पडली नाही, पुढे देशासाठी पळाली. तिला इथे काम काय, तर आयांच्या लिंबू-चमच्यासाठी लिंबं वाटायचं!

आणि मुलींची लांब शर्यत रद्द. सना महिनाभर किनाऱ्यावर पळत होती. खेळाच्या सरांना विचारलं, तर म्हणतात, “चाचा, ऊन आहे. मुली चक्कर येऊन पडतील.” मग मुलांना काय छत्र्या देणार होते?

सनानं रडत आजीबाईंना सांगितलं. त्यांनी लिंबू सरांच्या हातात ठेवलं, सनाला मुलांच्या रांगेमागे उभं केलं आणि पाठीवर थाप मारली, “यल्ला! चल, पळ!”

माझाच जीव खालीवर. खरंच पडली असती तर? सुनेला काय सांगितलं असतं?

सना मुलांत चौथी आली. “दादा, मी पडले नाही!” मला, आजोबाला, ती दादाच म्हणते.

सर लिंबू घेऊन तसेच उभे. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी शाळेतून फोन येईल, ही धास्ती आहेच. येऊ दे.