खुल्या यादीतली ममता

दिग्रस, ४ डिसेंबर २००५

प्रिय ममता,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाल्याचं कळलं. अभिनंदन. मावशीचा फोन शेजारच्या दुकानात आला, त्यामुळे गल्लीला माझ्याआधी समजलं आणि लोक पेढे मलाच मागायला लागले.

आपल्यासाठी राखीव अशी एकच जागा होती आणि ती घरातच राहिली, असं आई म्हणते. बरोबर आहे. फक्त घर तुझं आहे. यंदा कापसाची जिनिंग सुरूच झाली नाही, म्हणून बाबा घरी बसून असतात आणि टपालवाला दिसला की माझ्याकडे बघतात. मी प्रतीक्षा यादीत पहिली आहे. तंत्रनिकेतनात तिन्ही वर्षं मी तुझ्या पुढे होते, हे मावशीला आठवत असेलच. नसेल तर आठवण देऊ नकोस.

माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर तुझ्याकडे आहे. आता तुला सरकारी मिळेल. रवीदादाची पुसदला ये-जा असते, त्याच्याबरोबर पाठवावा.

लोभ आहे तेवढा राहावा.
शीला

पुसद, ११ डिसेंबर २००५

शीले,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र इतकं थंड की वाचताना शाल घ्यावी लागली. आई म्हणाली, शीलानं अभिनंदन नाही, नोटीस धाडली. ड्राफ्टर मी काही पाठवत नाही. मावसबहीण आहेस, स्वतः ये, जेव आणि घेऊन जा.

एक गोष्ट घरी सांगितली नाही, ती तुला सांगते. कागदपत्रं दाखवायला यवतमाळला गेलती. खुल्या जागांवर निवडलेले दोघंही तिथंच होते. कचेरीतल्या बडेबाबूंनी माझी फाइल उघडली आणि म्हणाले, "तुमची जागा होती म्हणून लागल्या मॅडम, नाही तर काय?" ते दोघं हसले. मीपण हसली. काहून हसली, ते अजून समजलं नाही. तू हसली नसतीस. या एका गोष्टीसाठी मले तुझा लहानपणापासून हेवा वाटतो.

राग सोड, पण मला सोडू नको.
तुझी ममता

दिग्रस, १७ डिसेंबर २००५

प्रिय ममता,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल यवतमाळला जाऊन आले. सगळ्यांचे गुण फलकावर लावले आहेत. तुझी बेरीज चुकली असेल असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे हवं होतं. तिथेच उभी राहून तुझे लेखीचे आणि मुलाखतीचे गुण पुन्हा मिळवून पाहिले. बेरीज बरोबर आहे. तुझे गुण खुल्या जागांवरच्या दोघांपेक्षाही जास्त आहेत. तू सगळ्यांत पहिली आहेस.

त्यामुळे राखीव जागा माझी आहे. कारण सांगते. खुली जागा म्हणजे आपल्याला सोडून इतरांची जागा, असं आपण धरून चालतो. तसं नाही. ती सगळ्यांची असते, गुणांच्या क्रमाने. तू वयाची किंवा गुणांची कुठलीच सवलत घेतलेली नाहीस, म्हणून तुला खुल्या जागेवर धरायला हवं होतं. बाबूंनी जातीचा दाखला पाहिला आणि तुला सरळ राखीव जागेवर बसवलं. आपणही तेच खरं मानलं. तू तिथून उठलीस की ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिलीची. खुल्यातल्या दुसऱ्या मुलाचं नाव गळेल, त्याचं वाईट वाटतं. पण ती जागा त्याची नव्हती.

हरकतीची मुदत शुक्रवारी संपते. अर्जावर तुझी सही असली तर ते टाळू शकणार नाहीत. हे पत्र रवीदादाबरोबर पाठवते, तो थांबेल, उत्तर त्याच्याकडेच दे.

उत्तराची वाट पाहणारी,
शीला

पुसद, १८ डिसेंबर २००५

शीले,
जयभीम.

मी सगळ्यांत पहिली आली, हे लिहून दुसऱ्याच ओळीत तू तुझी जागा मागितलीस. मध्ये जरा थांबायचं होतं बाई. तुला नोकरी पाहिजे, म्हणून मी हुशार झाली का?

बाबा नाही म्हणतात. हातात आलेली नेमणूक अडकली आणि उद्या कोणी नवीनच खोड काढली तर, असं त्यांना वाटतं. मलेपण भीती वाटते. पण बडेबाबूंचं ते वाक्य कानातून जात नाही.

कोऱ्या कागदाच्या खाली सही करून पाठवते. वर काय लिहायचं ते तू लिही. टाइप करायचं नाही. ममता गुणांनी सगळ्यांत पहिली आहे, हे तुझ्या अक्षरात पाहिजे. झेरॉक्स मला पाठवायची.

भरवसा ठेवून,
ममता

दिग्रस, २६ फेब्रुवारी २००६

प्रिय ममता,
सप्रेम जयभीम. वि. वि.

झेरॉक्स मिळाली असेल. तुझ्या सहीचा कागद एकच होता, म्हणून आधी कच्चं लिहून पाहिलं. पहिल्या खेपेला बाकी सगळं उतरलं, नेमका 'पहिली' हा शब्द राहून गेला. वाचल्यावर लक्षात आलं. हरकतीमुळे नेमणुका थांबल्या होत्या तेव्हा मावशी मला काय काय बोलली असेल, ते तू कळवलं नाहीस. त्याबद्दल आभार.

काल आदेश आला. तू खुल्या जागेवर, मी राखीव. मला मारेगाव मिळालं. बाबांनी आदेश दोनदा वाचला आणि दाढी करायला गेले. ज्येष्ठता यादीत तू माझ्या वर राहशील, निवृत्त होईपर्यंत. हेही मी तपासलं.

आई गल्लीभर सांगते आहे, "आमच्या ममतामुळं शीला लागली." हे चूक आहे. मी नियमामुळे लागले. पण आईला मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

लोभ असू दे. हेव्याचं माझं मी बघते.
तुझी शीला