जिवंत आईवर नंबर येत नाही

ता. २१ नोव्हें., शुक्र.
गायूचं नाव वक्तृत्वाला लागलं. इ. ९ वीतून ती एकटीच. विषय 'माझी आई'. भाषण बोरसे सरांनी लिहून दिलं. शाळा लहान, सर भूगोल शिकवतात, पेटी वाजवतात, नाटक बसवतात, भाषणंही त्यांच्याकडेच. गायू मधल्या खोलीत दार लावून पाठ करते. म्हटलं, मला म्हणून दाखव. तर म्हणे, "तू नको. तू ऐकलंस की मला हसू येतं." बरं. ओट्यावर जाऊन मेथी निवडली. विषय आई, अन् आईलाच बाहेर काढलं.
मेथी, साबण, निरांजनाच्या वाती. बाकी खर्च नाही. यांचा सुरतहून फोन नाही. कारखान्यात रात्रपाळी असेल.

ता. २५, मंगळ.
शाळेपुरती फेरी होती. पालकांना बोलावलं होतं म्हणून गेले. आधी मुलींचं स्वागतगीत. सरांच्या पेटीची एक पट्टी अडकते, ती आजही अडकली. मग गायू. हात जोडले, डोळे मिटले अन् पहिलंच वाक्य, "आई, तू मला सोडून देवाघरी गेलीस, त्याला आज वर्ष झालं."
मला वाटलं, चुकून दुसऱ्याच मुलीचं भाषण म्हणतेय. नाही. दवाखाना झाला, सलाईन झालं, शेवटचं घोटभर पाणी झालं. पोर खरी रडत होती. बाया डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. शेजारच्या बाईने, नवीनच राहायला आलेली ती, माझ्या दंडाला हात लावला. "केव्हा वारली हो हिची आई?"
मी म्हटलं, "मला नाही माहीत."
का म्हटलं तसं, देव जाणे. घरी येऊन देवापुढे कान धरले.
पहिला नंबर आला. सर फाटकापाशी भेटले. "वहिनी, मनावर घेऊ नका. स्पर्धेत जिवंत आईवर नंबर येत नाही."

ता. २६, बुध.
भाषणाच्या मधे एक होतं ते डोक्यातून जात नाही. "माझी आई नैवेद्य दाखवताना डोळे मिटायची, अन् एक डोळा उघडून मांजराकडे बघायची." लोक हसले तिथे, रडता रडता. अन् पुढे, "संध्याकाळी दिवा लावला की फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. नाही वाजला, तर पदराने पुसून आत आणायची."
हे सरांना कुठून कळलं? गायूला विचारलं. ती दप्तर भरत होती.
"ते मी घातलंय. सर म्हणाले, घरातलं काहीतरी टाक, खरं वाटतं."
मग म्हणाली, "राग आला का?"
नाही म्हटलं. राग नव्हताच. घरात आम्ही दोघी. दिवसभरात बोलणं किती, तर वाढ, पाणी तापलं का, वहीला पैसे दे. ही माझ्याकडे बघत असते हे मला…

ता. २७, गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. पोथी मोठ्याने वाचायची, कुणी ऐकायला असावं म्हणतात. गायू शाळेत. एकटीनेच वाचली, आवाज खोलीत उगाच मोठा वाटला.
समोरच्या अक्का प्रसादाला आल्या. पोटातली भीती त्यांना सांगितली. ऐन व्रताच्या तोंडावर पोटच्या पोरीने मेली म्हणावं, अपशकुनच ना? अक्का हसायलाच लागल्या. "कसाले घाबरस वं माय! कावया शिवना ते आपन खोटा निरोप धाडतस नं? मानसं रडतस, अन् मरन टळी जास. पोर रडनी, तुनं आयुष्य वाढनं!"
खरंच, लहानपणी आमच्याकडे आत्याच्या डोक्याला कावळा शिवला तेव्हा ती गेल्याचा असाच खोटा निरोप धाडला होता. सगळे रडले, मग खरं कळलं, मग जेवले. जरा हलकं वाटलं.

ता. ३०, रवि.
सरांनी गायूचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत चोपड्याला माझ्या भावापर्यंत गेला. सकाळी फोन वाजला. हॅलो म्हटलं, तर पलीकडे कुणी बोलेना.
मग त्याचाच आवाज, "कोण बोलतंय?"
"अरे, मी. ताई."
"ताई? तू आहेस?"
अन् भाऊ रडायलाच लागला. मग तापला. "अगं, केळीची गाडी भरायची सोडून निघालो होतो मी! पांढरा सदरा घातला! भाचीचे कान उपट आधी!"
मग दोघं हसलो. यंदा भाऊबीजेला आला नाही, फोनही नाही. आज खूप वेळ बोलला. वहिनीचं, पोरांचं, आईच्या जुन्या घराचं. ठेवताना म्हणाला, "येत जा गं." मेल्यावर का होईना, विचारपूस झाली.
यांना मीच फोन करून सांगितलं. म्हणाले, "बक्षीस आणतेय ना, मग आणू दे." मागे यंत्रांचा आवाज इतका, पुढचं ऐकू आलं नाही.

ता. ७ डिसें., रवि.
काल शिंदखेड्याला तालुक्याची फेरी. मी गेले नाही. पहिली आली. आता धुळ्याला, जिल्ह्याची.
संध्याकाळी सर घरी आले. खुर्चीच्या टोकावरच बसले. "वहिनी, धुळ्याला परीक्षक पालकांना भेटतात. नंबर आला तर स्टेजवरही बोलावतात. तुम्ही नाही आलात तर बरं. किंवा… असं करा, या. पण मावशी म्हणून या."
मी चहा गाळत होते. कप त्यांच्यापुढे ठेवला. गायू फरशीकडे बघत होती. सर गेल्यावर तिला विचारलं, येऊ का?
"तुझी इच्छा."
म्हणजे काय समजायचं.

ता. ११, गुरु.
पूजा झाली. मन लागलं नाही. मला बहीणच नाही, मग गायूला मावशी कुठली? व्रताच्या महिन्यात खोटं बोलायचं का? नाही बोलायचं. पण घरी बसून तरी काय करू? ते फोनचं वाक्य मला पुन्हा ऐकायचंय. लाज वाटते लिहायला.
जाईन. कुणी विचारलं तर गप्प बसेन. गप्प बसणं म्हणजे खोटं नाही.

ता. १३, शनि.
धुळे. एस.टी.त गायू सरांच्या शेजारी बसून ओठातल्या ओठात म्हणत होती. मी मागे. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी नेली होती, कुणी खाल्ली नाही.
नावं लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "या कोण?" मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मावशी." बाईंनी छातीला कागदी फूल लावलं. 'पालक' लिहिलेलं.
खूप मुली. आईवर बोलणाऱ्या पाच-सहा तरी असतील, सगळ्यांच्या गेलेल्या. एकीची आई माझ्या मागेच बसून शेव खात होती. मला बघून ओशाळं हसली. मीही हसले.
गायू चांगली सुरू झाली. नैवेद्य झाला, मांजर झालं. फोनचं वाक्य आलं. तेव्हा तिने मान उचलली अन् मला बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. सरांनी मागे बसा सांगितलं होतं, तिथे पंख्याखाली जागा नव्हती म्हणून पुढे सरकले होते.
पुढे दवाखाना होता. ती बोललीच नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. सर पडद्याआडून ओठ हलवत होते. घंटा झाली. तिने परीक्षकांना नमस्कार केला अन् खाली उतरली.
परतताना सर खिडकीकडे तोंड करून बसले. उतरताना एवढंच, "सगळं पाठ होतं हिला, वहिनी."

ता. १५, सोम.
एकादशी. गायूला ताप नाही, पण शाळेत गेली नाही. साबुदाणा खाल्ला. विचारलं, "माझ्यामुळे का गं?"
"विसरले."
"सगळं?"
"विसरले म्हटलं ना!"
माझ्यामुळेच. मी घरी बसले असते तर बक्षिसाची ढाल आली असती. हे कबूल. अन् तरी परवापासून मला बरं वाटतंय. असं वाटणं आईला शोभतं का? देवाला विचारलं.
यांना नंबर गेल्याचं सांगितलं. म्हणाले, पुढच्या वर्षी.

ता. २०, शनि.
सर आज रस्त्यात थांबले. राग गेलेला दिसला. जानेवारीत स्नेहसंमेलन, तिथे गायूने तेच भाषण करावं असं त्यांच्या मनात आहे. "आपल्याच गावात आहे, नंबराची भानगड नाही. ती मला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तुम्ही सांगा, ऐकेल."
सगळ्या गावासमोर. अक्का असतील, दूधवाला असेल, ती नवीन बाई असेल. त्यांच्यापुढे मी बसायचं अन् माझंच वर्षश्राद्ध ऐकायचं.
दुपारी गायूची वेणी घालताना सरांचा निरोप सांगितला. आपलं मत काही दिलं नाही. तिने रिबीन बोटाला गुंडाळली. मग म्हणाली,
"तू येशील?"
"बोलावलंस तर येईन."
"मागे नको बसू मग. पहिल्या रांगेत बस."
"सर काय म्हणतील?"
"बस तू."
कोणतं भाषण करणार, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वेणी फार घट्ट झाली होती, ती पुन्हा सोडली अन् सावकाश घातली.